शंभर टक्के मर्विन शेलहास

मर्विन शेलहासला परदेशी माणसांबद्दल सगळं ठाऊक होतं. परदेश मात्र त्याने एकदाच पाहिला होता. डेट्रॉइटहून बोगद्यातून पलीकडे विंडसरला जाऊन तो एकदा दुपारचं जेवला होता. तिथल्या वाढपिणीने मोड देताना राणीचं चित्र असलेली नाणी हातावर टेकवली, आणि तेवढ्यावरून त्याने कॅनडाविषयीचं आपलं मत कायम करून टाकलं. बाकीच्या जगाविषयी मत बनवायला त्याला ओहायोतल्या आपल्या गावाबाहेर पडायची गरज पडली नाही. जगच त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येत होतं, तीन-तीन डॉलरच्या ऑर्डरी घेऊन.

मर्विन आगकाड्यांच्या पाकिटांची वेष्टनं विकायचा. पूर्वी मोटेलवाले, बोलिंगवाले, पशुखाद्याचे दुकानदार आपलं नाव छापलेली अशी पाकिटं गिऱ्हाइकाला फुकट देत. आतल्या काड्या काढून टाकायच्या, तारेची टाचणी उचकटायची, पुठ्ठा वहीखाली दाबून सपाट करायचा, की झाला संग्रहाचा नग तयार. काडेपेटीचे छाप जमवणारी पोरं सगळ्या जगात असतात. इथे ती पोरं सत्तर वर्षांची असतात, एवढाच फरक. एका फिरत्या विक्रेत्याच्या विधवेने गॅरेज रिकामं करायला काढलं, तेव्हा मर्विनने बुटांची अकरा खोकी उचलून आणली होती. त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून तो इंटरनेटवरच्या एका खरेदी-विक्रीच्या साइटवर एकेक वेष्टन विकत होता आणि जगाची परीक्षा घेत होता.

त्याआधी एकतीस वर्षं तो ट्रकचे आस बनवणाऱ्या कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागाचा प्रमुख होता. एकतीस वर्षांत आपलं एकही खोकं चुकीच्या दारात गेलं नाही, असं तो सांगायचा. त्या काळची कारखान्यातली माणसं आता फारशी उरली नव्हती, त्यामुळे कोणी हरकत घेत नसे.

मर्विनची खरी दौलत बुटांच्या खोक्यांत नव्हती. ती साइटवर त्याच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत होती: शंभर टक्के. चौदा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्याच्याविषयी वाईट शेरा लिहिला नव्हता. सकाळी उठल्यावर माणसं हवामान बघतात, मर्विन हा आकडा बघायचा. वर्षभरातल्या शेऱ्यांवरून साइट हा आकडा काढते, आणि मर्विनचे वर्षाला तीनशेच्या आसपास सौदे होत. म्हणजे एका माणसाचं डोकं फिरलं, की शंभराचे नव्याण्णव पूर्णांक सात होणार. "नव्याण्णव पूर्णांक सात," तो बायकोला म्हणायचा, "म्हणजे पाय घसरलेला माणूस."

बायको आर्डिथ. शाळेच्या खाणावळीत बावीस वर्षं पोरांना वाढलेली बाई. तिला खोटं बोलणारा माणूस रांगेत तीन ताटं लांब असतानाच ओळखता येत असे.

परदेशी गिऱ्हाइकांचे निरोप मर्विन तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. भाषांतर करणाऱ्या यंत्राने ते निरोप चांगलेच भाजून काढलेले असत.

"ऐक हे, आर्डी. 'महान विक्रेता, तुमच्या मोटेलवर माझं मन बसलं आहे, कृपया हिरव्या चिठ्ठीवर भेटवस्तू असं लिहा.' बघितलंस? तीन डॉलरच्या पुठ्ठ्यासाठी जकात चुकवून सरकारला फसवायला निघालेत."

"मग लिहायचं नाही. एवढं सोपं आहे."

"नुसतं नाही लिहून कसं चालेल? त्यांना समजलं पाहिजे." आणि मर्विन त्या माणसाला कस्टमच्या हिरव्या चिठ्ठीचं पावित्र्य या विषयावर पाऊण पान लिहून पाठवायचा. ते पाऊण पान यंत्रातून पलीकडे कसं उतरत असेल, याची कल्पना न केलेली बरी.

असं करता करता त्याचे सात नियम तयार झाले. ते त्याने टाइप करून, कडांना प्लास्टिक लावून, कॉम्प्युटरच्या मागे भिंतीवर चिकटवले होते. हिरव्या चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही. विनवण्या करणाऱ्याला सूट द्यायची नाही. पत्र मिळालं नाही अशी तक्रार आली, की चोवीस तासांत पैसे परत करायचे, एक खरमरीत निरोप लिहायचा, आणि त्या माणसाला कायमचं बंद करून टाकायचं. हा नियम मर्विनच्या व्यापाराचा कणा होता. तीन डॉलर गेले तरी चालतील, हिरवा आकडा शाबूत राहिला पाहिजे. चोरालाही पैसे परत मिळाले म्हणजे तो शेरा लिहायच्या भानगडीत पडत नाही, असा त्याचा अनुभव होता. एका देशातून अशी तीन प्रकरणं झाली, की तो अख्खा देश बंद. आजवर अकरा देश बंद झाले होते. लिथुआनिया चार पत्रांनी गेला, कारण चौथं आधीच वाटेत होतं; एस्टोनिया तीन पत्रांनी. शेजारच्या लाटव्हियाचा अजून एकच गुन्हा नोंदलेला होता.

आणि एक काम मर्विन करायचा, ज्याचा नियम त्याने कधी लिहिला नाही, कारण श्वास घेण्याचा नियम कोणी लिहीत नाही. तो पत्ते दुरुस्त करायचा.

परदेशी माणसांना पत्ता लिहिता येत नाही, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. कोणी रस्ता आधी लिही आणि घराचा आकडा नंतर. कोणी गावाच्या आधी पिनकोड घुसवी. मर्विन ते सगळं सरळ करून, आधी आकडा, मग रस्ता, मग गाव, अशा सुवाच्य अक्षरात पाकिटावर उतरवायचा आणि तसाच आपल्या जाड वहीत नोंदवायचा. जिथे दुरुस्ती केली तिथे समासात बारीकशी बरोबरची खूण. वर्गपाठ तपासून ठेवावा तशी.

गावातल्या लुथरन चर्चच्या तळघरात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संग्राहकांचा क्लब भरे. चौदा-पंधरा माणसं, कॉफी, लिंबाच्या वड्या. तिथे मर्विनचा शब्द प्रमाण. परदेशी गिऱ्हाईक आलं, की लोक त्याला विचारत, "मर्विन, पोर्तुगाल कसं?" आणि तो डोळे मिटून म्हणे, "जपून." पोर्तुगालला त्याने आयुष्यात दोन पत्रं पाठवली होती. क्लबची चिटणीस लव्हॉन त्याचं बोलणं वहीत टिपून घ्यायची. तिनेच खटपट करून राज्याच्या वार्षिक मेळाव्यात त्याचं भाषण ठेवलं. सप्टेंबरचा तिसरा शनिवार, टोलीडोतलं हॉटेल, विषय 'परदेशी गिऱ्हाइकाशी कसं वागावं'. जाहिरातीच्या कागदावर त्याच्या नावाखाली छापलं होतं: चौदा वर्षं, शंभर टक्के.

जाहिरात छापून आली त्याच आठवड्यात लाटव्हियाच्या व्हाल्दिस क्रूमिन्शचा पहिला निरोप आला.

एरी सरोवरावरच्या एका गळ-दोऱ्यांच्या दुकानाने कधीकाळी वीस पाकिटांची मालिका काढली होती, प्रत्येकावर सरोवरातला एक मासा. या व्हाल्दिसकडे एकोणीस होते. विसावा नेमका बर्बट, हनुवटीवर एकच मिशी असलेला, सापासारखा लिबलिबीत, कोणी पकडला तर परत पाण्यात फेकावा असा. मर्विनकडे त्याचं एकच वेष्टन होतं. साडेतीन डॉलरला विकलं, जुलैत टपालात टाकलं, आणि आता ऑगस्ट सरत आला होता.

"आदरणीय विक्रेता महोदय," निरोपात होतं, "मासा अजून आला नाही. मी पेटी रोज पाहतो. घाई नाही. तब्येतीची काळजी घ्या."

"तब्येतीची काळजी!" मर्विन खुर्चीतून अर्धा उठला. "ही धमकी आहे, आर्डी."

"तो म्हातारा असेल. म्हातारी माणसं असं लिहितात. तूच लिहीत नाहीस."

मर्विनने चोवीस तासांच्या आत साडेतीन डॉलर आणि टपालखर्च परत पाठवला, खरमरीत निरोप लिहिला, आणि बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात पैसे परत आले. व्हाल्दिसने ते स्वीकारलेच नव्हते.

"पैसे माझ्याकडे होतेच," त्याने लिहिलं होतं. "मासा नव्हता, म्हणून तर पैसे दिले. आपण थांबू. शेरा लिहायला साइट साठ दिवस देते. मी शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघेन आणि मग जे खरं असेल ते लिहीन. मी खोटं लिहीत नाही."

मर्विनने हिशेब केला. साठावा दिवस टोलीडोच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी येत होता.

चौदा वर्षांत मर्विनला असा माणूस भेटला नव्हता. पैसे देऊन तोंड बंद होत नाही अशा माणसासाठी त्याच्या सात नियमांत एकही नियम नव्हता. त्याने दुसरी तीन वेष्टनं फुकट देऊ केली. व्हाल्दिसने आभार मानले आणि विचारलं, त्यात बर्बट आहे का? मर्विनने टपाल खात्यावर, मग लाटव्हियाच्या टपालावर, मग पोस्टमन नावाच्या जातीवर ठपका ठेवला. व्हाल्दिसने कळवलं, की आमची पोस्टमन बाई फार चांगली आहे, तिला गुडघ्याचा त्रास आहे.

"गुडघा!" मर्विन म्हणाला. "मला तिच्या गुडघ्याशी काय करायचंय?"

"मर्व्ह, तू त्या माणसावर ओरडतोयस, आणि तो तुला नीट उत्तरं देतोय," आर्डिथ बटाटे कुस्करता कुस्करता म्हणाली. "शाळेत असं पोरगं असलं, की मी आधी ओरडणाऱ्याचे खिसे तपासायचे."

"माझ्या खिशात काय सापडणार?"

"मला काय ठाऊक? तपासलेत कोणी?"

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हाल्दिसने एक फोटो पाठवला. नऊ मजल्यांची करड्या रंगाची लांबलचक इमारत. खाली एक दार, दारावर १४. दुसऱ्या फोटोत आतली भिंत. तिच्यावर पत्र्याच्या छोट्या छोट्या पेट्या, ओळीवर ओळी, एकपासून बहात्तरपर्यंत. छत्तीसभोवती त्याने लाल वर्तुळ काढलं होतं. खाली लिहिलं होतं, "ही माझी पेटी. रिकामी. उद्यापासून मी सगळ्या शेजाऱ्यांना विचारत जाणार आहे. बहात्तर घरं आहेत, पण लिफ्ट चालू आहे."

मर्विनने जाड वही काढली. वहीत त्याच्या सुरेख अक्षरात होतं: व्हाल्दिस क्रूमिन्श, १४, मग रस्त्याचं नाव, रीगा. समासात बरोबरची खूण. त्याने साइटवरची मूळ ऑर्डर उघडली. तिथे रस्त्याच्या नावापुढे होतं १४-३६.

तो आकडा त्याला आठवला. दुरुस्त करताना तो हसलाही होता. एका घराला दोन आकडे कसे असतील? चौदापासून छत्तीसपर्यंतची सगळी आळी काय याच्या बापाची आहे? अपार्टमेंट असेल तर माणूस अपार्टमेंट असं लिहितो, वेगळ्या ओळीत लिहितो. निदान ओहायोत तरी लिहितो. म्हणून त्याने चौदा ठेवला आणि बाकीचा कचरा काढून टाकला होता.

मर्विनने वहीची मागची पानं उलटली. लिथुआनियाची चार, एस्टोनियाची तीन, लाटव्हियाचं आधीचं एक. आठही ऑर्डरी त्याने एकेक करून उघडल्या. आठही मूळ पत्त्यांत आडवी रेघ होती आणि रेघेपुढे आकडा होता. आठही वेळा वहीत तो नव्हता, आणि आठही वेळा समासात खूण होती. आठ माणसांना त्याने खरमरीत निरोप लिहिले होते. 'तुमच्या देशात प्रामाणिकपणा शिकवत नसावेत' हे वाक्य त्यातल्या सहांत होतं. ते त्याला इतकं आवडलं होतं, की क्लबातही त्याने दोनदा वाचून दाखवलं होतं.

आर्डिथ मागे येऊन उभी राहिली. तिने वही पाहिली, पडदा पाहिला. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"अरे देवा," ती म्हणाली. "खिशात सापडलं की रे."

"ही त्यांची पद्धत चुकीची आहे," मर्विन म्हणाला.

"त्यांच्या घराचा पत्ता लिहायची त्यांची पद्धत चुकीची?"

"स्पष्ट नाही."

"त्यांच्या पोस्टमनला स्पष्ट आहे. गुडघा दुखत असून." आणि ती ओव्हनकडे गेली.

सोमवारी व्हाल्दिसचा निरोप आला, आनंदाने नुसता उड्या मारणारा. मासा सापडला होता. पाकिटावर नुसता चौदा आकडा होता, म्हणून ते इमारतीतल्याच चौदा नंबरच्या घराच्या पेटीत पडलं. तिथल्या आजी उन्हाळाभर लेकीकडे गेल्या होत्या. परवा परत आल्या, आणि व्हाल्दिसने दार वाजवलं तेव्हा त्या पाकिटावरचं तिकीट नातवासाठी कापून घ्यायच्या बेतात होत्या. बर्बट सुखरूप होता. मिशीसुद्धा शाबूत. "पण पाकिटावर माझा छत्तीस नाही," त्याने शेवटी लिहिलं होतं. "मी दिला होता. हे कसं झालं? शेरा लिहिण्याआधी मला समजून घ्यायचं आहे, म्हणजे खरं लिहिता येईल."

मर्विनने उत्तराचे सात मसुदे केले. पहिल्या मसुद्यात साइटवर दोष होता, दुसऱ्यात छपाईच्या शाईवर. तिसऱ्यात अमेरिकेतल्या पत्त्यांचा संक्षिप्त इतिहास होता. सातवा त्याने आर्डिथला वाचून दाखवला. "'आपल्या पत्त्यातला एक आकडा वाटेत गळाला, याबद्दल खेद वाटतो.'"

"गळाला? तो काय दात आहे?"

"सभ्य भाषा आहे ही."

"मर्व्ह, तीन शब्द आहेत. माझी चूक झाली. मी पहिलीतल्या पोरांकडून म्हणवून घ्यायचे, रोज, दुधाच्या वेळेला."

"तो ते शेऱ्यात लिहील! नव्याण्णव पूर्णांक सात! शनिवारी! जाहिरातीवर छापलंय, आर्डी."

सातवा मसुदाच गेला.

व्हाल्दिसने उत्तर दिलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. मर्विन दर तासाला आकडा बघत होता. गुरुवारी रात्रीच्या जेवणाला आर्डिथने त्याचा आवडता चिकन-नूडलचा पदार्थ केला, तो त्याने नुसता चिवडला. शुक्रवारी सकाळी त्याने भाषणाच्या सरावासाठी सूट घातला, संध्याकाळी काढला, आणि आकडा शंभरच होता. शनिवारी ते टोलीडोला निघाले तेव्हा मर्विन शिट्टी वाजवत होता. साठ दिवस उलटले. माणूस विसरला. म्हातारी माणसं विसरतात.

हॉटेलातल्या दालनात साठेक माणसं जमली होती. लव्हॉन लॅपटॉपजवळ बसली होती. मर्विनने घसा साफ केला, आणि पहिल्याच वाक्याला म्हणाला, "मित्रहो, बोलण्याआधी पुरावा." लव्हॉनने त्याचं पान मोठ्या पडद्यावर लावलं. हिरव्या अक्षरांत शंभर टक्के. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडत असतानाच पुढच्या रांगेतल्या माणसांचे डोळे आकड्याखाली गेले, जिथे सगळ्यात ताजा शेरा असतो. त्यापुढे हिरवी खूण होती, म्हणजे शेरा चांगला होता. साठाव्या दिवशी, लाटव्हियात शुक्रवार संपता संपता लिहिलेला, साइटने शनिवारी पानावर चढवलेला.

लव्हॉनने तो सवयीने मोठ्याने वाचला. "'मासा आला, फार सुंदर आहे. सात आठवडे चौदा नंबरच्या आजींकडे होता, कारण विक्रेत्याने पाकिटावर माझ्या घराचा नंबर लिहिला नव्हता. नंबर वाटेत गळाला असं तो म्हणतो, पण शाई सुरेख आहे आणि तिथे कधी काही लिहिलेलं दिसत नाही. पुठ्ठा उत्तम लावला होता.'"

मागून कोणीतरी विचारलं, "मर्विन, ही काय भानगड?"

दुसरा कोणी असता तर त्या जागी कोसळला असता. मर्विन एकतीस वर्षं विभागप्रमुख होता. तो पडद्याकडे वळला, त्याने बोट वर केलं आणि म्हणाला, "हाच माझा आठवा नियम. मुद्दाम इथे ठेवलाय. परदेशी पत्ता जसाच्या तसा उतरवायचा. एक रेघ, एक आकडा इकडचा तिकडे करायचा नाही. आपल्या लोकांना दुरुस्त्या करायची फार वाईट खोड असते."

साठ पेनं वह्यांवर चालू लागली. आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. पुढे महिन्याच्या पत्रकात लव्हॉनने तो चौकटीत छापला: शेलहास नियम. पत्ते जसेच्या तसे उतरवणारी माणसं गावोगाव आधीपासून होती, त्यांच्या नावाने कोणी नियम केला नाही. त्यासाठी आधी नऊ वेळा चुकावं लागतं.

परतताना गाडी वीस मैल गेली. मग आर्डिथ म्हणाली, "आपल्या लोकांना खोड असते, होय?"

"बोलायची रीत असते, आर्डी."

"त्या आठ जणांना लिहिणार आहेस का?"

"तीन वर्षं झाली त्याला."

"म्हणजे तीन वर्षं ते तुला काय म्हणत असतील, याचा विचार कर."

या वाक्याने मर्विन खरा हलला. आपण लोकांना काय म्हणतो हे त्याला पाठ होतं, पण लोकही आपल्याला काहीतरी म्हणत असतील, ही शक्यता त्याच्या वहीत कुठेच नोंदलेली नव्हती.

घरी गेल्यावर त्याने आठ जणांना एकच मजकूर पाठवला: "सुधारित कार्यपद्धतीनुसार आपल्यावरील बंदी उठवण्यात येत आहे. आपलं स्वागत आहे." गुन्हेगाराला माफी द्यावी अशा थाटात. पाच जणांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी, आपण कोण, असं विचारलं. आठवी, लिथुआनियातल्या काउनासची दानुते नावाची बाई, हिने मात्र सविस्तर लिहिलं.

"तुमचं पत्र आम्ही क्लबात वाचलं," तिने लिहिलं होतं. "आम्ही सव्वीस जण आहोत, ग्रंथालयात जमतो. माल न पाठवणाऱ्या विक्रेत्यांची आमची एक यादी भिंतीवर लावलेली आहे. तीन वर्षांपासून तुमचं नाव त्यात पहिलं आहे. ती यादी आम्ही रीगा आणि टाल्लिनच्या क्लबांनाही देतो. व्हाल्दिस रीगाच्या क्लबात नवीन आहे, त्याने यादी पाहिली नव्हती; माशाची गोष्ट त्यानेच आम्हाला कळवली. मी तुमच्याकडून एकदाच घेतलं, तुम्ही मला प्रामाणिकपणा शिकवला होता, आठवत असेल."

मर्विनने ते दोनदा वाचलं.

"यादीत पहिलं! मला न विचारता! एका पत्रावरून! त्या भागातलं एकही गिऱ्हाईक का येत नाही म्हणून मी—" तो थांबला. "साइटवर शंभर टक्के आहेत माझे. त्यांना दिसत नाही?"

"दिसतं की," आर्डिथ म्हणाली. "म्हणून तर ते म्हणत असतील, चोर असून आकडा कसा राखलाय बघा."

सगळ्या जगाने वाचावा म्हणून मर्विनने हिरवा आकडा चौदा वर्षं राखला होता. आणि जगाच्या एका कोपऱ्यात, ज्या सव्वीस माणसांना काड्यांच्या पाकिटांची खरी पारख होती, तिथे त्याचं नाव चोर म्हणून भिंतीवर लागलेलं होतं. त्याने नाव काढून टाकायची रीतसर मागणी केली, सोबत चौदा वर्षांच्या आकड्याचा पुरावा जोडला, आणि 'पत्त्यातला आकडा गळाल्यामुळे' झालेल्या गैरसमजाबद्दल खेद कळवला.

काउनासच्या क्लबच्या चिटणीसाचं उत्तर चार दिवसांनी आलं. नाव काढायला मतदान घ्यावं लागतं, आणि मतदानापुढे खुलासा ठेवावा लागतो. आपला खुलासा मिळाला. सभासदांचा एकच प्रश्न आहे: आकडा कोणी गाळला?

ते पत्र टेबलावर तीन दिवस पडून होतं. मर्विन त्याच्या बाजूने जायचा, थांबायचा, कॉफी ओतून घ्यायचा. आर्डिथने एकदाही विषय काढला नाही. चौथ्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या बशा उचलायच्या आधीच, तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि एक शब्द टाइप केला: "मी."

एकटा शब्द त्याला फार उघडा वाटला असावा. त्याने पूर्णविरामाच्या पुढे लिहायला सुरुवात केली. अमेरिकेत घराचा आकडा रस्त्याच्या आधी का येतो, अपार्टमेंट वेगळ्या ओळीत लिहिण्याचे फायदे, कारखान्यातली एकतीस वर्षं, आडव्या रेघेतून होणारी संदिग्धता, आणि काउनासच्या नगरपालिकेने पत्त्यांबाबत करण्याजोग्या तीन सूचना. पत्र दोन पानांचं झालं.

पाठवण्याआधी आर्डिथने ते वाचायला मागितलं. तिने चष्मा लावला, पहिलं पान वरपासून पाहिलं, 'मी' अजून तिथेच आहे याची खात्री करून घेतली, आणि दुसरं पान न वाचताच म्हणाली, "पाठव."